शोकाचा अधिकार

विशीत पाहिलेला बोलपट पन्नाशी उलटल्यावर पुन्हा पाहू नये, असे आमचे एक स्नेही सांगत असतात. हा उपदेश न मानता क्लोद ओताँ-लारा यांचा ‘ल दियाब्ल ओ कोर’ हा १९४७ सालचा फ्रेंच बोलपट आम्ही नुकताच पुन्हा पाहिला.

कथा पहिल्या महायुद्धातली. सतरा वर्षांचा शाळकरी फ्रान्स्वा आणि त्याच्याहून थोडी मोठी मार्त यांची गाठ पडते, तेव्हा तिचा वाङ्निश्चय जाक नावाच्या सैनिकाशी झालेला असतो. पुढे विवाह होतो, पती आघाडीवर असतो, आणि त्याच्या घरी हे दोघे रममाण होतात. रेमाँ रादिगे याच्या ज्या कादंबरीवरून हा बोलपट घेतला, तिच्यात तर त्या घरचे सामानही या मुलाच्याच पसंतीचे असते! १९२३ साली ती कादंबरी निघाली आणि त्याच वर्षी, अवघ्या विसाव्या वर्षी, विषमज्वराने लेखक वारला.

विशीत आम्ही अर्थातच फ्रान्स्वाचे पक्षपाती होतो. जेरार फिलिपचा तो हट्टी, भाबडा, मधूनच क्रूर होणारा चेहरा पाहून दुसरे काय होणार? जाक हा आमच्या लेखी केवळ एक अडथळा होता. या खेपेस मात्र आमचे लक्ष पडद्यावर क्वचितच दिसणाऱ्या त्या मनुष्याकडेच वारंवार जात राहिले. कादंबरीतला एक प्रसंग आम्हांस विसरता येत नाही. पश्चात्तापाच्या एका झटक्यात तो मुलगा मार्तकडून तिच्या पतीला प्रेमळ पत्रे लिहवितो. मजकूर स्वतः सांगतो. खंदकातल्या चिखलात बसून ती पत्रे वाचणाऱ्या जाकची कल्पना करून पाहावी. १९४० साली फ्रान्सचे सुमारे १८ लक्ष सैनिक जर्मनांच्या हाती सापडले. त्यांतले कित्येक १९४५ मध्येच घरी परतले. त्यानंतर दोनच वर्षांनी हा बोलपट आला. त्यावर गहजब झाला, यात नवल ते कोणते?

आणि तरीही बोलपटाचा प्रारंभ आमचा सारा न्यायनिवाडा उधळून लावतो. ११ नोव्हेंबर १९१८. युद्ध थांबले आहे, घंटा घणघणत आहेत, लोक आनंदाने वेडे झाले आहेत, आणि त्याच दिवशी प्रसूतीत मरण पावलेल्या मार्तची प्रेतयात्रा निघाली आहे. कादंबरीत हा योग नाही; पटकथाकार ओरांश आणि बोस्त यांनी तो जुळवून आणला. पुढे १९५४ साली त्रुफो याने या जोडीवर कडक टीका केली, ती आम्हांस पुष्कळ अंशी मान्य आहे. परंतु हा एक फेरफार त्यांच्या शंभर अपराधांवर पांघरूण घालील. फ्रान्स्वा त्या यात्रेत चोरासारखा वावरतो. मृत स्त्रीचा तो कोणीच नव्हे. त्याला हात जोडून कोणी चार शब्द बोलणार नाही, आणि राष्ट्राच्या आनंदातही त्याला जागा नाही.

(मार्तची भूमिका करणाऱ्या मिशलिन प्रेल २०२४ साली, वयाच्या १०१ व्या वर्षी निवर्तल्या.)

तो चेहरा पाहताना आम्हांस आमच्या वर्गातला एक विद्यार्थी आठवला. पुष्कळ वर्षे झाली. आठवडाभर तो शेवटच्या बाकावर पुस्तक न उघडता बसे. एके दिवशी आम्ही सर्वांदेखत त्याची कानउघाडणी केली. आमच्या जिभेला त्या काळी धार होती आणि तिचा आम्हांस अभिमानही होता. तो खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या गल्लीतली एक तरुण सून त्या आठवड्यात वारली होती, हे आम्हांस पुढे दुसऱ्याकडून कळले. आम्ही त्याला खोलीवर बोलावून घेतले आणि, काय विचारावे ते न सुचून, ती नात्यातली होती का, असे विचारले.

“नाही सर, माझी कोणी नव्हती,” तो म्हणाला, आणि आमची परवानगी घेऊन निघून गेला.