माझं फंक्शन प्युअर आहे!

शुक्रवारी प्रॉडक्शनवर बिलांची रक्कम चुकली. आमच्या टीमला सध्या फंक्शनल प्रोग्रॅमिंगचं खूळ लागलंय, त्यामुळे कुणालाही विचारा, उत्तर एकच : "माझं फंक्शन प्युअर आहे रे, साइड इफेक्टच नाही!" म्हणजे तेच इनपुट, तेच आउटपुट, बाहेरच्या जगाला धक्का नाही. हसून हसून पुरेवाट.

मग कुणीतरी 'गिट ब्लेम' चालवलं. नाव निघालं दोन महिन्यांपूर्वी आलेल्या पोरीचं. "हिला मोनाडमध्ये गुंडाळा!" मीही हसलो.

आता गंमत बघा. ओळीला शेवटचा हात कुणी लावला, एवढंच गिट ब्लेम सांगतं. तिने फक्त इंडेंटेशन सरळ केलं होतं. 'डॅश डब्ल्यू' लावलं की मोकळ्या जागांचे बदल वगळले जातात. हळूच लावून पाहिलं. माझं नाव! (सबव्हर्जनमध्ये याच कमांडला 'प्रेझ' असंही नाव आहे. पण ते वापरताना मी कुणाला पाहिलेलं नाही.)

लॅपटॉप मिटला आणि विरार लोकल पकडली. गप्प.

काल नंदाखालला वाडीत केळींना पाणी सोडताना तिचा चेहरा आठवत होता. तीसुद्धा आमच्याबरोबर हसली होती. मेल दोनदा लिहून खोडला. तिसरा आत्ता पाठवतोय, अख्ख्या टीमला. सोमवारपर्यंत थांबलो तर पुन्हा काहीतरी विनोद सुचेल.