जळगाव शून्यावर, धुळे चारवर

जळगावात मी पायथन शिकवते. मुलं एरंडोल, धरणगाव, पारोळ्याहून एस्टीने येतात, काही इथेच खोली घेऊन राहतात. लिस्ट शिकवताना पुस्तकातली सफरचंदं बाजूला ठेवून मी त्यांचा नेहमीचा रस्ताच फळ्यावर लिहिते:

थांबे = ['जळगाव', 'पाळधी', 'एरंडोल', 'पारोळा', 'धुळे']

पायथनला नाव देवनागरीत चालतं, हे पाहून मागचे बाकही सावरून बसतात. (कंसातले आकडे मात्र इंग्रजीच लागतात.) थांबे[0] जळगाव, थांबे[4] धुळे. पाच थांबे आणि शेवटचा चौथा, हे चटकन पटत नाही. मी विचारते, जळगावहून किती थांबे पुढे आलात? अजून स्टँडवरच असाल तर शून्य! इन्सर्ट वापरून 4 या जागी मुकटी घातली की धुळे पाचवर सरकतं. थांबे[-1] मात्र धुळेच राहतं.

परतीच्या गाडीसाठी एका मुलीने लिहिलं, परत = थांबे, आणि 'परत'ला रिव्हर्स लावलं. थांबे[0] पाहिलं तर धुळे!

"मॅडम, थांब्यांना तर मी हातच लावला नाही."

खरंच नव्हता लावला. पण बरोबरच्या चिन्हाने लिस्टची नक्कल होत नाही, त्याच लिस्टला दुसरं नाव मिळतं. परत = थांबे[::-1] लिहिलं की उलटी, नवी लिस्ट तयार होते आणि जुनी जशीच्या तशी राहते. नोकरीला लागलेलेही इथे फसतात, म्हणून या एका ओळीवर मी अख्खा तास देते.

टपलला इतका वेळ लागत नाही. जळगावचे अक्षांश-रेखांश, (21.01, 75.56), बदलायचं कारणच नाही. टपलमधली किंमत बदलायला गेलात की पायथन एरर देतो.

मला सर्वांत आवडते ती स्ट्रिंग. 'धुळे'ची लांबी पायथन चार सांगतो: ध, उकार, ळ, मात्रा. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला वेगळा क्रमांक आहे आणि २००८मध्ये आलेल्या पायथन ३पासून स्ट्रिंग म्हणजे अशा चिन्हांचीच रांग. ती उलटी केली तर आधी अधांतरी मात्रा, मग ळु, मग ध. इंग्रजी शब्दांवर शिकवलं असतं तर हे कधी दिसलंच नसतं. आपल्या मुलांना आपल्या लिपीतली उदाहरणं द्यायलाच हवीत, असं मला मनापासून वाटतं.

साक्रीच्या एका मुलाने आपलं गाव टाकलं. दिसायला दोन अक्षरं, लांबी सहा. क आणि र यांच्यामधलं हलन्त सुटं पडलेलं पाहून तो खुर्चीतून उठलाच. मग मात्रा वगळून अक्षरं मोजणारा लूप लिहायला बसला आणि उत्तर तीन आलं.

"मॅडम, हलन्तानंतरचं अक्षरही सोडायचं ना?"

"सोड. ते आधीच्यालाच जोडलंय."