चेहऱ्यावरचा उजेड



यंदा आमच्या धर्मग्रामात पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे फोटो काढायचं काम फादरांनी माझ्याकडे दिलं. धर्मशिक्षणाचा वर्ग मीच घेते, मुलं मला ओळखतात, समोर उभी राहताना लाजणार नाहीत, असा त्यांचा हिशोब. कॅमेरा म्हणजे माझा साधा फोन. आमच्या धर्मग्रामात एक अंकल आहेत, पूर्वी त्यांचा इथे बेळगावात फोटो स्टुडिओ होता. चार रविवार मिस्सा झाल्यावर मी त्यांच्याजवळ शिकायला बसले. त्यातल्या तीन गोष्टी आज तुमच्यापुढे ठेवते. फोटो काढणाऱ्यांना त्या उपयोगी पडतील, आणि कधीच न काढणाऱ्यांनाही.

पहिली गोष्ट : फोकस

माणसाचा फोटो असेल तर पडद्यावर त्याच्या डोळ्यांवर बोट टेकवायचं. डोळे स्पष्ट आले की मागचं थोडं धूसर असलं तरी चालतं. चर्चमध्ये उजेड कमी असतो, म्हणून कॅमेऱ्याला तो गोळा करायला जास्त वेळ लागतो. तेवढ्यात आपला हात हलला किंवा मूल हललं की चित्र पुसट होतं. कोपरं अंगाशी घट्ट धरायची, श्वास शांत करायचा आणि थांबायचं.

हे शिकताना मला मार्कच्या शुभवर्तमानातल्या आठव्या अध्यायातला बेथसैदाचा आंधळा आठवला. प्रभूने हात ठेवल्यावर त्याला माणसं दिसली, पण चालत्या झाडांसारखी. प्रभूने पुन्हा हात ठेवले, तेव्हा सगळं स्वच्छ दिसू लागलं. एकाच माणसाला दोनदा स्पर्श करून दृष्टी दिल्याची ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. वर्गात पंचवीस-तीस मुलं एकदम शिरली की पहिल्या नजरेला तीही झाडंच असतात. एकेकाचा चेहरा दिसायला दुसऱ्यांदा बघावं लागतं.

दुसरी गोष्ट : उजेड

सरावाच्या दिवशी माझ्या वर्गातली एक मुलगी फोटोच्या वेळी मागच्या मागे खांबाआड गेली. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाली, "टीचर, मला नको. मी फोटोत काळी येते." नात्यातल्या एका लग्नाचे फोटो बघून घरात कोणीतरी हसलं होतं. तिची आत्या तिथेच होती. ती मला हळूच म्हणाली, "तो फिल्टर असतो की, तो लावा. गोरी दिसेल."

मी अंकलना विचारलं. त्यांनी आधी कारण समजावलं. कॅमेऱ्याला चेहरा कळत नाही, कपडा कळत नाही. समोर जे काही आहे त्याचा सरासरी उजेड मधल्या करड्या रंगाइतका असावा, असं धरून तो माप घेतो. पहिल्या ख्रिस्तप्रसादाला मुली पांढऱ्या फ्रॉकमध्ये, डोक्यावर पांढरं व्हेल. चौकटीत पांढरंच पांढरं भरलं की कॅमेऱ्याला वाटतं, उजेड फार झाला. मग तो उजेड कमी करतो. फ्रॉक मळकट दिसतो आणि सावळा चेहरा अंधारात जातो. हल्लीचे फोन चेहरा ओळखून बरीच दुरुस्ती करतात, तरी पाठीमागे उघडं दार किंवा खिडकी असली की तेही फसतात.

अंकलनी आणखी एक गोष्ट सांगितली. रंगीत फोटोंच्या जमान्यात कोडॅक कंपनी लॅबना एक नमुना-फोटो देत असे. त्याच्याशी ताडून छपाईचे रंग जुळवायचे. त्याला शर्ली कार्ड म्हणत, आणि त्यावर कितीतरी वर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असे. माप तिच्या कातडीचं, आणि त्या मापाने आपले फोटो.

मग उपाय काय? अंकल मला म्हणाले, "टीचर, तुम्ही माप कशाचं घ्यालाय? फ्रॉकचं का पोरीचं?" पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवायचं, शेजारी छोटा सूर्य दिसतो, तो जरासा वर सरकवायचा. पण फार वर नको, नाहीतर फ्रॉकची लेसच दिसेनाशी होते. त्याहून सोपं म्हणजे मुलाला दाराच्या आत सावलीत, तोंड बाहेर करून उभं करायचं. आभाळाचा मऊ उजेड सरळ चेहऱ्यावर येतो. आपल्या बेळगावच्या पावसाळी ढगांचा उजेड तर यासाठी फारच चांगला.

फिल्टरचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गोरं करणं वेगळं आणि दिसू देणं वेगळं." त्यांचं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

त्या मुलीला मी एकटीलाच दारात उभं केलं. पोर्चमधून तिच्या उंचीइतकी होण्यासाठी गुडघ्यावर बसले, कारण लहान मुलाचा फोटो उभ्याने काढला की कपाळ मोठं आणि हनुवटी बारीक येते. तिचा रंग होता तसाच आला, सावळा आणि तुकतुकीत. डोळ्यांत आभाळाचे दोन ठिपके. तिने फोन हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "मम्मीला पाठवा." आत्या काही बोलली नाही. फिल्टरचं नावही तिने पुन्हा काढलं नाही.

प्रिय बंधू-भगिनींनो, परमेश्वराने आपल्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केलं, हे आपण मुलांना पहिल्याच धड्यात शिकवतो. तेच मूल घरी येऊन आपला रंग लपवायला शिकत असेल, तर तो धडा कोण पुसतंय? लग्न जमवताना आपण उच्चारतो ते शब्द मुलांच्या कानावर पडत असतात.

तिसरी गोष्ट : चौकट

फोनच्या सेटिंगमध्ये ग्रीड चालू केली की दोन आडव्या, दोन उभ्या रेषा दिसतात. माणसाचे डोळे वरच्या आडव्या रेषेवर ठेवा. तो ज्या बाजूला बघतो आहे, त्या बाजूला थोडी जागा मोकळी सोडा. सगळं मधोमध कोंबायची गरज नसते.

मत्तयाच्या पाचारणाचा धडा घेताना मी मुलांना काराव्हाजियोचं चित्र दाखवते. इ. स. 1599-1600 च्या सुमारास काढलेलं हे चित्र रोममधल्या सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये आहे. त्यात प्रभू मध्यभागी नाही. उजव्या कडेला उभा आहे, आणि त्याचं बरंचसं अंग पेत्राच्या आड गेलं आहे. पण उजेड त्याच बाजूने आत येतो, आणि त्या उजेडाबरोबर आपली नजर टेबलावर पैसे मोजणाऱ्यांपर्यंत जाते. ग्रीड शिकल्यावर ते चित्र मला नव्याने कळलं. कडेला असलेला कमी महत्त्वाचा असतोच असं नाही.

म्हणून अंकलचा शेवटचा नियम : बटण दाबण्याआधी चारही कडांवरून नजर फिरवा. बादली, झाडू, लोंबणारी वायर असेल तर बाजूला करा. पण कडेला माणूस अर्धा कापला जात असेल, तर आपण दोन पावलं मागे जायचं. यंदाच्या ग्रुप फोटोत त्यामुळे सकाळपासून खुर्च्या मांडणारे दोघंही पूर्ण आले आहेत, हातपायांसकट.

या आठवड्यात एवढंच करू या : घरातल्या किंवा शेजारच्या अशा एका माणसाचा फोटो काढू या, जो नेहमी "माझा कशाला?" म्हणतो. दाराजवळ बसवा, चेहऱ्यावर उजेड येऊ द्या, फिल्टर लावू नका. आणि काढलेला फोटो आधी त्यालाच दाखवा.

प्रार्थना करू या : हे प्रभो, तू आम्हाला जसे आहोत तसे पाहतोस आणि तरी नजर वळवत नाहीस. आमच्या डोळ्यांवर पुन्हा एकदा हात ठेव. जे आमच्या चौकटीच्या कडेला उभे आहेत, त्यांच्यासाठी दोन पावलं मागे सरायची आम्हाला बुद्धी दे. आमेन.