तराजूमागचा शिपाई

मराठी माणूस आणि रणभूमी यांचे नाते सांगू लागलो की आपण सहज पानिपतापर्यंत जातो आणि बहुधा तेथेच थांबतो. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ५० हजार भारतीय सैनिक इटलीत लढले, त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या, ही गोष्ट एम.ए.च्या वर्गात सांगितली तर विद्यार्थी क्षणभर आमच्याकडे पाहत राहतात. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) त्यांना ठाऊक असते. पण त्या कादंबरीत रणांगण कोठे आहे? तेथे आहे ती बोट. ही तक्रार नव्हे. बेडेकरांना जे सांगायचे होते त्याला बोटच हवी होती. मात्र लढून परत आलेला शिपाई पुढची चाळीस वर्षे काय करीत होता, हा प्रश्न मराठी गद्याने फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

आम्हांस तो पडला याचे कारण घरगुती आहे. आम्ही दोघे आष्टीत एकाच गल्लीत वाढलो आणि आता एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. गल्लीच्या तोंडाशी एक किराणा दुकान होते. ते चालवणारे गृहस्थ (घरच्यांच्या इच्छेवरून नाव देत नाही) १९४१ साली नगरला जाऊन फौजेत भरती झाले होते. आष्टी तेव्हा निजामाच्या राज्यात, नगर इंग्रजांच्या. म्हणजे हद्द ओलांडूनच भरती. बेळगावी कवायत झाली आणि सप्टेंबर १९४३ मध्ये आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर ते इटलीच्या तारांतो बंदरात उतरले. पलटण पहिली, मराठा. घरी मनीऑर्डर येई ती कलदार रुपयांत, आणि गावात चाले हाली सिक्का. पुढे आयुष्यभर त्यांनी जो हिशेब केला त्याचा पहिला धडा हाच असावा, असे आम्हांस वाटते.

युद्धाविषयी ते बोलत नसत. शाळेतून आम्हांला कोणी तरी ‘पराक्रमाची गोष्ट’ विचारून यायला सांगितले होते, तेव्हा त्यांनी आमच्या हातावर शेंगदाणे ठेवले आणि घरी पाठवले. त्यांच्या युद्धातून आमच्या गल्लीत उतरला तो एकच शब्द. एखादा जिन्नस संपला की ते ‘न्येंते’ म्हणत. साखर न्येंते. रॉकेल न्येंते. हा शब्द निजामाच्या अमदानीतील उर्दूचा अवशेष असावा, अशी आमची पक्की समजूत होती. बायकाही तो वापरीत. घरातले पीठ संपले की ‘पीठ न्येंते झालं’ असे म्हणत. पदव्युत्तर वर्गात भाषाविज्ञान शिकताना आम्ही त्याची व्युत्पत्ती शोधण्याचा प्रयत्न केला आणि फारसी कोश पालथे घातले. पुढे एका इटालियन चित्रपटात तो शब्द कानावर आला. निएन्ते : काही नाही. ओस पडलेल्या गावांत, रिकाम्या फडताळांसमोर उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडून तो त्यांनी किती वेळा ऐकला असेल, याचा विचार तेव्हा मनात आला. मराठीतील इटालियन शब्दांची यादी करायची झाल्यास आष्टीच्या एका गल्लीची नोंद घ्यावी लागेल.

त्यांच्याच रेजिमेंटच्या दोन शिपायांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्यातील पळसगावचे, तिसऱ्या पलटणीतले. १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील बाकीचे सारे पडले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच मशीनगनवर धावून गेले. बॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, काडतुसे पुन्हा भरण्यास वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांवर बंदुकीचा दस्ता चालवला. आणि मग दुसरीकडून आलेल्या गोळ्यांनी ते पडले. वय २२. त्यांची कबर नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. २०२३ साली त्याच परिसरातील मोंतोने गावात त्यांचे स्मारक झाले, तेही सूर्यघडीच्या रूपात. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातील निमजचे, पहिल्या पलटणीतले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकामागून एक, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे पोहोचवले, आणि मग परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली.

शौर्यपदकाचे मानपत्र हा वाङ्मयप्रकार म्हणून पाहिला तर तो आपल्या पोवाड्याचा सख्खा भाऊ वाटतो. एक दिवस, एक नदी, एक माणूस. त्या दिवसानंतरचे त्यात काही मावत नाही, आणि मावू नये हेच त्याचे शास्त्र. पण जाधव त्यानंतर ३९ वर्षे जगले. १९८४ साली पुण्यात वारले. आमच्या दुकानदारांना तर त्या दिवसाचेही पदक नव्हते. त्यांच्याकडे होती ती नंतरची वर्षेच.

१९४६ साली ते परतले. नोकरीची वर्षे पाचच भरल्यामुळे निवृत्तिवेतन नाही. हाती आली ती एकरकमी बक्षिसी. येथे एक तुलना सुचते. आठवी डिव्हिजन १९४४ च्या शरदात काही काळ अमेरिकेच्या पाचव्या सैन्याखाली लढली. त्या अमेरिकन सैन्यात इटलीतून स्थलांतरित झालेल्यांची मुले कितीतरी होती. आईबापांच्याच देशात ती बंदूक घेऊन आली होती. त्यांच्यापैकी अनेकांच्या आईबापांना, अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले नव्हते म्हणून, १९४२ मध्ये ऑक्टोबरपर्यंत ‘शत्रुदेशीय परके’ ठरवले गेले होते. तरी तो मुलगा परत गेला आणि त्याला कोपऱ्यावर वाणसामानाचे दुकान टाकावेसे वाटले, तर त्याच्या कर्जाला सरकारची हमी होती; १९४४ चा कायदाच तसा होता. आमच्या शिपायाच्या मागे असा कायदा नव्हता. त्यात परत आले तो मुलूख रझाकारांच्या छायेत. दुकान उघडले ते सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपल्यावर.

मराठ्याने तराजू हातात धरावा हे तेव्हा हसण्यावारी नेले गेले. किराणा म्हणजे मारवाडी, लिंगायत वाणी, कोमटी यांचा धंदा. फौजेतून आलेल्याने शेत करावे, फार तर पाटील-तलाठ्यांजवळ बसावे. हे मात्र गुळाची ढेप फोडत बसले. शेर-पायलीची मापे जाऊन किलो आले, आण्यांचे नवे पैसे झाले. घरोघरच्या म्हाताऱ्यांना हे गणित समजावून देण्याचे काम सरकारपेक्षा त्यांनी अधिक केले.

त्यांना संत ठरवण्याचा मोह आम्ही टाळतो. ते तराजूच्या काट्यावर अतिशय कडक होते. वजन बरोबर झाल्यावर वरून चिमूटभर टाकण्याची रीत त्यांनी कधीच पाळली नाही आणि त्यामुळे त्यांना कंजूष म्हणत. दारू पिणाऱ्याच्या बायकोला उधार देत, पण त्याला स्वतःला पायरी चढू देत नसत. यात त्या बाईचा गल्लीसमोर पाणउतारा होतो, हे त्यांच्या ध्यानी येत नसे, किंवा येऊनही ते पर्वा करीत नसत.

२००९ साली दुकान बंद झाले. माळ्यावरच्या लोखंडी पेटीतून लाल कापडी बांधणीच्या ३१ वह्या निघाल्या आणि त्यांच्या मुलाने, आम्ही ‘साहित्यवाले’ म्हणून, त्या आमच्यासमोर ठेवल्या. पहिलीच खतावणी उघडली आणि आम्ही थबकलो. नावे नाहीत. प्रत्येक घराला क्रमांक. फौजेत माणसाला क्रमांक असतो, तसे त्यांनी घरांना दिले होते. क्रमांक फक्त त्यांना आणि त्या घराला ठाऊक. वही कोणाच्या हाती पडली तरी कोण किती बुडालेले आहे ते कळू नये.

१९७२ च्या वहीत अक्षर बारीक होत जाते, कारण पाने पुरत नाहीत. त्या दुष्काळाने बीड जिल्हा सोलून काढला. लोक सरकारी कामांवर खडी फोडीत होते, सुकडी आणि लाल मिलो खात होते. खात्यांवर तेव्हा मीठ, मिरची, चहाची पुडी, काड्यापेटी, एवढेच दिसते. महिनेच्या महिने फक्त मीठ. काही बाक्या पुढच्या वह्यांत ओढलेल्या आहेत, १९७९ पर्यंत. ऊसतोडीहून लोक परतले की त्या पाच-दहा रुपयांनी उतरतात. काही बाक्या मध्येच थांबतात. माफी असा शेरा कोठेही नाही.

या वह्यांचे काय करावे, यावर आम्हां दोघांत मतभेद आहे. ज्या जिल्ह्याने अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी जपली, पंचीकरण लिहिलेले कापड शतकानुशतके सांभाळले, त्याने गल्लीचे हे लेखनही सांभाळावे, ग्रंथालयात द्यावे, असे आमच्यापैकी एकाचे म्हणणे. दुष्काळाचा इतका अलंकाररहित मराठी मजकूर आमच्या तरी पाहण्यात नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की, ज्याने नाव लपवण्यासाठी एवढी खटपट केली त्याच्या वहीवर शोधनिबंध लिहिणे म्हणजे त्याच्याशी द्रोह. गल्लीतली माणसे अजून जिवंत आहेत, क्रमांक ओळखणे अवघड नाही. हा वाद अनेक वर्षे चालू आहे आणि तो मिटावा अशी आमची घाई नाही. तूर्तास मुलाने वह्या पुन्हा पेटीत ठेवल्या आहेत. नियम त्याने स्वतःच केला : ज्याला आपला क्रमांक सांगता येईल त्याने यावे आणि आपले खाते पाहून जावे.

आमच्यापैकी एकाच्या आईला क्रमांक अजून पाठ आहे. ४१. गेल्या उन्हाळ्यात तिला घेऊन गेलो. १९७३ च्या दिवाळीला त्या खात्यावर ११ रुपये ४० पैसे बाकी आहे आणि पुढच्या वहीत ती ओढलेली नाही. तेव्हा ती त्या घरात नवी सून होती. आजोबांनी फेडले होते का, असे तिला विचारले. तिने पान मिटले, वही कापडात गुंडाळून मुलाच्या हातात दिली आणि रिक्षा बोलवायला सांगितले.