ऑइलच्या टोपणाखालची साय

आज द्राक्षावर नाही, गाडीवर लिहितो. पण विषय थंडीचाच आहे.

निफाडची थंडी तुम्हाला सांगायला नको. पारा पाच-सहावर आला की आपण बागेत शेकोट्या करतो. मागच्या डिसेंबरात अशाच एका सकाळी ऑइल बघायला गाडीचं टोपण फिरवलं, तर आतून पिवळट-पांढरी साय. दुधावर येते तशी. जुनी पेट्रोल गाडी आहे. पोटात गोळाच आला.

मिस्त्रीला दाखवली. बघताक्षणी म्हणे, "अण्णा, हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागेल, पंचवीस हजार धरा." पंचवीस हजार म्हणजे डिपिंग अन् थिनिंगच्या मजुरीचे बाजूला काढलेले पैसे. बाग काही थांबत नाही. रात्रभर झोप नाही.

सकाळी दाजींना फोन लावला. त्यांचं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेलंय. त्यांनी विचारलं, कुलंट कमी होतंय का? पट्टीवरचं ऑइलपण दुधाळ आहे का? गाडी रोज किती चालते? कुलंट जागच्या जागी होतं, पट्टीवरचं ऑइल चांगलं होतं. गाडी घर ते मळा, अडीच किलोमीटर, दिवसाला चार खेपा. "मग खोलू नको इंजिन. कुलंटच्या डब्यावर पेनाने खूण कर अन् आठ दिवस बघ."

मग त्यांनी समजावलं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, वाफ होऊन. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या बाजूला उतरते. इंजिन नीट तापलं तर ती ब्रीदरच्या पाईपातून निघून जाते. अडीच किलोमीटरात ऑइल तापतच नाही. वाफ थंड टोपणाला लागून पाणी होते, ऑइलमध्ये घुसळली जाते, अन् साय. आपण डावणीला म्हणतो ना, दव पडलं एवढ्याने नाही, पानावर ओल किती तास राहिली त्यावर सगळं. इथंपण तसंच.

मला वाटायचं, सकाळी दहा मिनिटं गाडी उभ्या-उभ्या चालू ठेवली की झालं. उलट आहे. उभ्या गाडीत ऑइल हळू तापतं अन् पाणी मात्र तयार होत राहतं.

आणखी एक निघालं. काटा कधी मध्यावर येतच नव्हता. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गाडी गरम होत होती, तेव्हा एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट काढूनच टाकला होता. मीच हो म्हणालो होतो, फुकटात काम झालं म्हणून. थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्यापासून रेडिएटरमध्ये फिरतं, थंडीत इंजिन तापणार कसं? नवीन बसवला, सातशे रुपये. ब्रीदरचा पाईप चिकटला होता, तो साफ केला. ऑइल बदललं. आठ दिवसांनी कुलंट खुणेवरच होतं.

आता थंडीत आठवड्याला एकदा तरी गाडी नाशिकला किंवा लासलगावला नेतो, सलग अर्धा-पाऊण तास. किलोमीटर झाले नसले तरी सहा महिन्यांनी ऑइल बदलतो. मळ्यात शक्यतो मोटरसायकलवर जातो, मंडळी कुरकुर करतात ते वेगळं.

पण एक ध्यानात घ्या. कुलंट खाली जात असेल, पट्टीवर दुधाळ ऑइल असेल, किंवा गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर माझं ऐकू नका. गाडी चालवू नका, सरळ मिस्त्रीकडे न्या.

ट्रॅक्टरला हा त्रास कमी, तो तासन् तास लोडवर चालतो. त्याची टाकी मात्र मी थंडीत संध्याकाळीच भरतो. रिकाम्या टाकीत रात्री आतून पाणी धरतं. डिझेल फिल्टरखालचा बोल्ट ढिला करून बघा, थेंब दिसतील.

काल सकाळी पारा सातवर होता. टोपण उघडलं. कडेला नखभर पांढरं, बाकी स्वच्छ.