पहिल्या तीन नोंदी

सांगलीच्या माधवनगरात वाढलेल्या स्मृती मानधनाने २०२५ च्या विश्वचषकातील पहिल्या तीन डावांत ८, २३ आणि २३ धावा केल्या. तेवढ्यावरच आमच्या पेठेत, दुकानांच्या गाद्यांवर, ‘हिचा सूर हरपला’ असा निकाल लागला. पुढील तीन डावांत तिने ८०, ८८ आणि १०९ धावा काढल्या. स्पर्धेअखेर तिच्या खात्यावर ४३४ धावा जमा होत्या आणि भारतीय महिला संघ प्रथमच विश्वविजेता ठरला.

साताऱ्याच्या शाखेत कर्जखाती पाहताना आम्ही एका महिन्याच्या उलाढालीवरून कोणाची पत ठरवीत नसू. वर्षाचा ताळेबंद मागत असू. हंगामाच्या आरंभी नोंदी थोड्या असतात, म्हणून प्रत्येक नोंद जड भासते. अनेकांतवादही हेच सांगतो: एका बाजूने दिसलेले सत्य खोटे नसते, अपुरे असते. त्या ८ धावा खऱ्याच होत्या. अपुरा होता तो निकाल.

पाडव्याच्या वहीपूजनानंतर दुकानात नव्याने बसलेल्या मुलामुलींचे पहिले महिने मंद गेले, की ‘याला धंदा जमायचा नाही’ हे वाक्य घरातच उच्चारले जाते. ते कोणत्याही वहीत लिहिले जात नाही, म्हणूनच ते खोडताही येत नाही. वडीलधाऱ्यांनी निदान ताळेबंदापर्यंत तरी ते ओठांवर येऊ देऊ नये.