आपण हरलो!

मराठी व्याकरण शिकवताना एक तास मी दरवर्षी मोठ्या आवडीने घेतो. तो 'आम्ही' आणि 'आपण' या दोन शब्दांचा. 'आम्ही सिनेमाला जातो' म्हटले की ऐकणारा दाराबाहेर राहतो. 'आपण सिनेमाला जाऊ' म्हटले की तो चपला शोधू लागतो. इंग्रजांना या दोहोंचे काम एकाच 'वुई'वर भागवावे लागते, अशी थोडी फुशारकीही मी मारून घेतो. पण 'आपण'ची खरी किंमत मला कळली ती वर्गात नव्हे, तर अमेरिकेत, सिॲटलच्या बेसबॉलच्या मैदानावर!

२०२४ च्या उन्हाळी सुटीत मी ताईकडे गेलो होतो. वरवर पाहुणा म्हणून, पण खरे पाहता आईचा वकील म्हणून. ताई आणि भाऊजी १९९५ साली तिकडे गेले, ते 'पाच वर्षांत परत येतो' असे सांगून. पुण्याच्या घरातली त्यांची खोली आईने तेव्हापासून कुणाला दिली नव्हती. आता भाऊजी निवृत्त झाले होते. "या खेपेला विचारूनच ये," असे आईने मला निक्षून बजावले होते.

पण विचारायला सवड मिळेल तर ना! भाऊजींचा सारा जीव मरिनर्स नावाच्या तिथल्या संघात. या संघाची कुंडलीच विलक्षण. २००१ साली त्याने ११६ सामने जिंकले, तरी वर्ल्ड सिरीज काही गाठता आली नाही. त्यानंतर सलग वीस हंगाम प्लेऑफचे, म्हणजे हंगामाअखेरच्या निवडक संघांच्या फेरीचे, दारही दिसले नाही. २०२२ साली दिसले, आणि २०२३ साली १६२ सामन्यांच्या हंगामात अवघ्या एका विजयाने पुन्हा हुकले.

जूनच्या मध्यावर भाऊजी मला मैदानावर घेऊन गेले. संघ गटात सर्वांच्या पुढे होता. तरी त्यांचा चेहरा सुतकी. म्हणाले, "चेंडू टाकणारी पोरं म्हणजे हिरे आहेत. गिल्बर्ट, कर्बी, मिलर, वू, एकाचीही तिशी उलटलेली नाही. पण बॅटवाले! नुसते वारा घालतात."

बेसबॉलमध्ये तीन चेंडू हुकले की फलंदाज बाद. त्या वर्षी असे सर्वांत जास्त वेळा बाद होणारा संघ हाच. समोर तसाच एक जण परतला, तेव्हा भाऊजी कपाळावर हात मारून ओरडले, "अरे गाढवा, चेंडू बघ तरी!" शेजारच्या गोऱ्या गृहस्थाला मराठीचे अक्षर कळत नव्हते, पण त्याने मोठ्या दुःखाने मान डोलावली.

"अहो, पण पुढे आहेत ना ते?" मी विचारले.

"आज आहोत. पण बघा तुम्ही, आपण शेवटी असेच घसरतो."

मी चमकलो. एवढ्या वर्षांत भाऊजींच्या तोंडी 'हे लोक', 'यांचा देश', 'यांच्या पद्धती' हेच शब्द मी ऐकले होते. नोकरीने, घराने, पासपोर्टानेही जे झाले नव्हते, ते या हरणाऱ्या पोरांनी केले होते. परक्याच्या हरण्याची फार तर कीव येते. चीड येते ती आपल्या माणसाची. मी माझा प्रश्न तसाच गिळला.

पुण्याला परतल्यावर आईला सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हरले की जेवत नाहीत म्हणतोस?"

"ताई तसंच सांगते."

दुसऱ्या दिवशी तिने ती खोली झाडून घेतली आणि माझ्या मुलाचे टेबल तिथे लावायला सांगितले.

भाऊजींचे भाकीत खरे ठरले. १८ जूनला असलेली दहा सामन्यांची आघाडी महिन्याभरात आटली, ऑगस्टमध्ये व्यवस्थापकाची उचलबांगडी झाली, आणि ८५ विजय मिळवून संघ पुन्हा एकाच विजयाने बाहेर राहिला. तिकडे संध्याकाळचा सामना सुरू होतो तेव्हा पुण्यात सकाळचा चहा होतो. चहाबरोबर धावसंख्या पाहण्याची सवय मला केव्हा जडली, ते कळलेच नाही.

२०२५ साली मात्र पोरांनी कमाल केली. वर्ल्ड सिरीजच्या उंबरठ्यावर पोचली. टोरांटोशी सातवा, निर्णायक सामना. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाची सकाळ. ३-१ अशी आघाडी होती, आणि सातव्या डावात टोरांटोच्या स्प्रिंगरच्या एका फटक्याने तीन धावा गेल्या. ४-३! पुन्हा एकानेच!

थोड्या वेळाने फोन वाजला. पलीकडून नुसता उसासा ऐकू आला.

"आपण हरलो," मीच म्हणालो.

"हं. आपण हरलो."

रांगोळीचा डबा हातात घेऊन आई दारात उभी होती. म्हणाली, "तिकडे रात्र झाली असेल ना? त्यांना म्हणावं, आधी जेवून घ्या."